अठ्ठ्याऐंशीवर अडलेला गुडघा

टाउनो कांगास सोंगाड्या होता, हे आधीच सांगून टाकते. बाकी माणूस सज्जन. उभा जन्म लोखंडाच्या खाणीत यंत्र चालवलं, एका बायकोशी नीट संसार केला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उजवा गुडघा बदलून घरी आला आणि त्या नव्याकोऱ्या गुडघ्यानं मला सरळ फसवायला लागला.

घरोघरी जाऊन ऑपरेशन झालेले गुडघे वाकवणं हे माझं काम. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या या वरच्या टोकाला घरं लांब लांब, त्यामुळे अर्धा दिवस गाडीतच जातो. पेशंटला निजवायचं, टाच ओढत बुडाकडे आणायला सांगायची आणि कोनमापक लावायचा. शाळेतल्यासारखाच असतो तो, फक्त त्याला दोन लांब पट्ट्या. मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, एक पट्टी खुब्याच्या रोखानं, दुसरी घोट्याच्या. माझा मात्र कोनमापकापेक्षा हातावर जास्त विश्वास. गुडघा म्हणजे काही दाराची बिजागरी नव्हे. सरळ पाय वाकायला लागला की नडगी आधी जराशी आत वळते आणि मगच मागे येते. नडगीवर तळवा ठेवला की ते वळण हाताला कळतं.

टाउनोची नडगी झकास वळायची. ऐंशी अंशांपर्यंत पाय लोण्यासारखा यायचा. मग अठ्ठ्याऐंशीला मांडी एकदम दगड.

"बास," म्हातारा म्हणायचा. "पुढे जात नाही."

"दुखतंय?"

"दुखत नाही. जात नाही."

मंगळवारी अठ्ठ्याऐंशी, शुक्रवारी अठ्ठ्याऐंशी. खरोखर आखडलेला गुडघा इतका शिस्तीचा नसतो. एखाद्या दिवशी चार अंश जास्त देतो, गारठा पडला की सहा परत घेतो. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळलं होतंच. एकदा मी जरा लवकर पोचले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर हा बुटक्या स्टुलावर बसून शेगडीत लाकडं सारतोय आणि उजवं पाऊल स्टुलाखाली पार मागे गेलेलं. मी काच वाजवली. त्यानं पाय असा सरळ केला, जणू पोलीस आले.

कारण मला माहीत होतं. गुडघा एकशेदहाच्या पुढे गेला आणि माणूस बाहेर हिंडायला लागला की माझ्या फेऱ्या बंद होतात. विमावाल्यांचा नियम आहे आणि तो मीच त्याला पहिल्या दिवशी सांगितला होता. बायको इर्मा जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी दूर फीनिक्सला, तिचा रविवारी फोन. मोजून झालं की तो म्हणायचा, "कॉफी झालेलीच आहे." जशी काही ती आपोआप झाली असावी. टेबलावर दोन कप आधीच मांडलेले, शेजारी वेलदोड्याचा पाव, तोही कापलेला. मग आम्ही बसायचो. फार बोलणं नसायचं. तळं गोठलं का, कुणाचा ट्रक बंद पडला, एवढंच. पण मी निघाले की त्याचा चेहरा उतरायचा. मला ते बघवत नसे, कारण मीही दिवसभर लोकांचे पाय धरून घरी जाते ती टीव्हीशीच बोलायला.

"काही हवंय का तुम्हाला?" असं मी आडून आडून विचारून पाहिलं.

"मला? नाही. माझं मस्त चाललंय."

फिनलंडहून येऊन इथे वसलेल्या आमच्या या फिनिश लोकांचं हे असंच. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला म्हणतील, जरा उकडतंय. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? मी मोजलेला आकडा लिहीत राहिले आणि तो तिथेच अडून राहिला.

मग शेवटी डॉक्टरांनीच ठरवलं. गुडघा असाच राहिला तर कायमचा आखडेल, तेव्हा भूल देऊन जोर लावून वाकवायचा. तारीखही दिली. टाउनोनं मान डोलावली आणि घरी आला. ब्र काढला नाही. या वयात भूल, तीही एका सोंगापायी! माझं डोकं फिरलं.

"टाउनो, मी तुम्हाला शेगडीपुढे बसलेलं पाहिलंय."

तो छताकडे बघत राहिला.

"भूल दिली की स्नायू सैल पडतात. जोर लावायची वेळच येणार नाही. तुमचा पाय आपला आपण वाकेल, आणि टेबलाभोवती उभे असलेले सगळे बघतील."

"किती जण असतात तिथे?"

"पाच-सहा."

"हं," म्हातारा म्हणाला. ते पाच-सहा त्याला फारसे वाईट वाटले नसावेत असा मला संशय आला.

"हसू नका. त्या भुलीतून उठला नाहीत तर? मुलीला काय सांगू मी? बाप लाजून मेला म्हणून?"

मग त्यानं टाच ओढायला सुरुवात केली. अठ्ठ्याऐंशी आले, गेले. मांडी माझ्या हाताखाली सैल होती. शंभर. एकशेदहा. एकशे एकोणीसला टाच पार मागे येऊन थांबली.

"लिही," तो म्हणाला.

मी लिहिलं. इतका सुंदर गुडघा मी त्या वर्षी दुसरा पाहिला नव्हता. कॉफी झालेलीच होती. ती प्यायलो. निघताना मी म्हणाले, "येईन कधीतरी." तो म्हणाला, "ये की." दोघांनीही ते बोलायची रीत म्हणून बोलून टाकलं.

पण मी खरंच गेले. जानेवारीतल्या एका रविवारी, पाव घेऊन. दार उघडून तो माझ्यामागे गाडीकडे बघायला लागला, कुणी दुसरं आलंय का म्हणून.

"काही काम होतं?"

"काम नाही. सहज आले."

सहज! आमच्याकडे सहज कुणी येत नाही. शिडी मागायला येतात, भांडं परत करायला येतात, मेल्यावर येतात. टाउनोनं मला बसवलं, कॉफी टाकली, आणि मग हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मलाही कळेना. एवढे दिवस आमच्या मध्ये तो गुडघा होता. त्यानं विजारीचा पायचा धरला.

"बघायचाय?"

"नको. चांगला आहे तो."

पायचा त्यानं सोडून दिला. भिंतीवरचं घड्याळ ऐकत आम्ही बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आत्ता रस्ते बरे आहेत. अंधार पडला की घसरतं." हे निघायला सांगणं होतं. मी उठले तेव्हा त्याला हायसं वाटलं, ते मला दिसलं, आणि ते फार लागलं. पुन्हा गेले नाही.

मे महिन्यात आठवड्याच्या नव्या पेशंटांच्या यादीत नाव आलं: कांगास, टाउनो. डावा गुडघा.

मला वाटलं ऑफिसची चूक झाली. फोन करून विचारलं. चूक नव्हती. डावाही झिजलेला होता हे मला माहीत होतं, पण त्यावर तो वीस वर्षं चालत होता, शिड्या चढत होता, मासे पकडायला जात होता. जाताना गाडीत मी त्याला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या.

तो पलंगावर पडला होता. पाय सुजून भोपळा झालेला, चेहरा पांढरा. टेबलावर कप मांडायचं त्राणही त्याला नव्हतं.

"दुखत होता का हो हा?" मी दारातूनच विचारलं.

"थोडा."

"खरं सांगा."

"डॉक्टर म्हणाला, करायला हरकत नाही."

"ते मी विचारलं नाही."

तो भिंतीकडे बघायला लागला. "कामाशिवाय माणसाला बोलावणार तरी कसं?" तो म्हणाला. मनातलं एवढं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी त्याच्या पायाशी बसले. बँडेजच्या कडेनं नडगीवर तळवा ठेवला. ती गरम होती आणि थरथरत होती. "वाकवा," मी म्हणाले, आणि त्यानं वाकवला. दातओठ खाऊन, घामाघूम होऊन, अजिबात न चोरता. पहिल्याच दिवशी चौऱ्याहत्तर. या वेगानं महिन्याभरात माझ्या फेऱ्या संपणार होत्या.

"आणि मग पुढे काय, टाउनो?" मला रडू येत होतं, म्हणून मी ओरडूनच बोलले. "तिसरा गुडघा नाहीये तुमच्याकडे!"

म्हाताऱ्यानं खरोखर विचार केला. अंगभर हिशेब करावा तसा.

"खांदे आहेत," तो म्हणाला. "दोन."