हजेरीमास्तरांची तेरा डोकी

माझ्या धाकट्या भावाला गावभर हजेरीमास्तर म्हणतात. मास्तर कसला, सातवीनंतर त्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण बावीस वर्षं तो पाहुण्यांची व्हॅन चालवतो, आणि कुठल्याही थांब्यावरून निघण्याआधी दारात उभा राहून एकेक डोकं मोजतो, म्हणून हे नाव. मोजताना ओठ हलतात, आवाज नाही. शेवटी आकडा मात्र मोठ्याने सांगतो आणि म्हणतो, "दार लावा." मोजणीच्या मध्येच कोणी काही विचारलं, तर पहिल्यापासून सुरू. एकदा मीच मध्ये बोलले होते, तेव्हा तीनदा मोजलं होतं त्याने. मला खिजवायला, दुसरं काय.

आमचं गाव थीम पार्कचं. सुट्टीत लोक येतात ते तिथल्या पाळण्यांसाठी आणि घसरगुंड्यांसाठी. पहिल्या दिवशी पोरं खूश, दुसऱ्या दिवशी पोरं हट्टाला पेटलेली, आणि तिसऱ्या दिवशी आईबापांचे पाय सुजलेले, रांगेत उभं राहून डोकं उठलेलं. मग ही मंडळी माझ्याकडे येतात. लॉजच्या व्हरांड्यात माझं टेबल आहे. मागे पाटी, 'पार्कपलीकडे एक दिवस'. अक्षर भावाचं आहे, वाकडं आहे, आणि बदलायचं नाही असं मी रंगाऱ्याला दोनदा सांगितलेलं आहे. सकाळी आठला निघायचं. आधी पाण्यावर चालणारी जुनी पिठाची गिरणी, मग मधमाश्या पाळणाऱ्या माणसाची वाडी, शेवटी दगडाच्या बंद खाणीत साचलेलं निळं तळं. पाचला परत. बुकिंग माझं, गाडी त्याची. माझे यजमान लवकर गेले, त्याची बायको लवकर कंटाळली, तेव्हापासून लॉजच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बहीणभाऊ राहतो आणि रोज भांडतो.

त्याची एक शिस्त आहे, तीही सांगते. गाडी सुटायच्या आधी सगळ्या पोरांना समोर उभं करायचं आणि दम दिल्यासारखं सांगायचं, "चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. गाडी जिथे उभी होती, तिथे येऊन बसायचं. मी येतो." बावीस वर्षांत एक पोर हरवलं नाही की एक आजोबा मागे राहिले नाहीत. पार्कमध्ये दिवसाकाठी चार पोरं हरवतात, भोंग्यावर नावं ओरडत असतात. हे तो इतक्या वेळा ऐकवायचा की माझे कान किटले होते.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं. आधी बारीकसारीक. हातात किल्ली धरून किल्ली शोधणं. असं माझंही होतं, वय झालं. मग मधवाल्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली. बाप जाऊन आठ वर्षं झाली, मधवाल्याने हसत सांगितलं, मीही हसले. मग एके दिवशी परत आलेल्या पाहुण्यांपैकी एक बाई माझ्या टेबलाशी रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "रागावू नका, पण तुमचे मास्तर येताना म्हणाले, आता गिरणी बघायला जाऊ. गिरणी तर आम्ही सकाळीच बघितली होती. आम्हाला वाटलं गंमत करतायत."

मी बाईला म्हटलं, "गंमतच असणार, भारी खोडकर आहे तो." आणि त्याला काही विचारलं नाही. कशी विचारणार? तोंडाने फटकळ म्हणून मला सगळं गाव ओळखतं, आणि इथे दातखीळ बसली. गाडी म्हणजे नुसतं काम नव्हतं ते. बायको गेली तेव्हा चार महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याला उठवलं ते या व्हॅनने. किल्ली काढून घेतली तर पुन्हा भिंत. आणि नाही काढून घेतली तर? त्या व्हॅनमध्ये लोकांची पोरं बसतात.

तेव्हा ठरवलं, एक दिवस आपण स्वतः बरोबर जायचं आणि डोळ्यात तेल घालून बघायचं. एक जरी चूक दिसली तर संध्याकाळी किल्ली माझ्याकडे. नाही दिसली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. माझं मन मात्र आधीच एका बाजूला होतं. चूक होऊ नये म्हणून मी रात्रीपासून देवाला वेठीला धरलं होतं.

त्याला सांगितलं, मधवाल्याला भेटायचंय. तो म्हणाला, "तुझ्या ओळखीचा आहे, तू भेट. पण पुढच्या सीटवर बसायचं आणि बडबड करायची नाही."

त्या दिवशी एकाच घरची तेरा माणसं होती. दोन भाऊ, त्यांच्या बायका, बहीण, तिचा नवरा, सगळ्यांची आई आणि सहा पोरं. मोठ्या भावाची मुलगी नऊ वर्षांची. एका पायातली चप्पल सारखी निसटायची, म्हणून ती सारखी मागे पडायची आणि आई सारखी "अगं चल ना" करायची. मी तिच्याकडे एकदा बघितलं आणि विसरले. मी पोरं बघायला गेलेच नव्हते.

भाऊ व्यवस्थित होता. गिरणीत त्याने पाण्याचं दार उघडून दाखवलं, चाक कसं फिरतं ते सांगितलं, पोरांना पिठात हात घालू दिले. पीठ उडून धाकट्या सुनेची साडी पांढरी झाली आणि तो तिला म्हणाला, "सकाळपासून पावडर कमी वाटत होती." सगळे हसले. निघताना मोजलं. मी पुढे त्याच्या शेजारच्या सीटवर, ती सीट तो मोजत नाही. "तेरा. दार लावा." मधवाल्याच्या वाडीत त्याला त्याच्याच नावाने हाक मारली. मधमाश्यांच्या पेटीजवळ जाताना पोरांना हात खिशात ठेवायला लावले. "तेरा. दार लावा." वळणं नीट, वेग नीट. दुपारी जेवताना माझा घास घशाखाली उतरला तो आठवडाभरात पहिल्यांदा.

तळ्यावर दोन तास. तिथे फोनला रेंज नाही, एक चहाची टपरी आणि कपडे बदलायची पत्र्याची खोली, बस्स. मी पाण्याकडे बघितलंच नाही. भाऊ गाडीच्या सावलीत बसून काच पुसत होता आणि मी त्याचे हात बघत होते.

निघायच्या वेळी आजीबाईंचे गुडघे धरले. मागे चढवेना. म्हणून त्यांना पुढे बसवलं आणि मी मागच्या बाकावर, बहिणीच्या आणि एका पेंगणाऱ्या पोराच्या मध्ये जाऊन बसले. पोरांच्या जागांची आधीच अदलाबदल झाली होती, कोणी काकूकडे, कोणी आत्याकडे. भाऊ दारात आला. आधी आजीबाई, मग एकेक बाक. ओठ हलत होते. शेवटी नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली, आणि तो म्हणाला, "तेरा. दार लावा."

मी अक्षरशः डोळे पुसले. अख्खा दिवस गेला होता, एक चूक नाही. उगाच त्या बाईचं ऐकून भावावर पाळत ठेवली म्हणून स्वतःलाच चार शिव्या दिल्या. गाडी घाट उतरायला लागली. माझ्यासमोर त्याची मान होती, केस कापायला झालेले. उद्या ओरडून पाठवायचं न्हाव्याकडे, असं मनात आलं.

वीसेक मिनिटांनी मोठ्या सुनेने बिस्किटांचा पुडा फोडला आणि मागे वळून मुलीला हाक मारली.

काकू म्हणाली, "ती तुमच्याकडे ना पुढे?"

"माझ्याकडे कुठे? तुमच्याकडे बसते म्हणाली होती."

भावाने गाडी कडेला घेतली. उतरला, दार उघडलं, मोजलं. "तेरा आहेत," तो म्हणाला. पुन्हा मोजलं. तेराच. आई किंचाळायला लागली होती आणि हा माणूस दारात उभा राहून तिसऱ्यांदा मोजत होता, बोट दाखवून, मोठ्याने, आणि त्याचं बोट माझ्यावर येऊन "तेरा" म्हणालं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "अरे, मी आहे तेरावी," मी म्हटलं. "मला कशाला मोजतोस? मी पाहुणी आहे का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्टिअरिंगवर बसला आणि गाडी वळवली.

ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आई दोन्ही हातांनी पुढची सीट धरून पुटपुटत होती, तळं, तळं, एवढंच. खाणीचं तळं काठापासूनच खोल असतं हे सगळ्यांना सकाळी सांगितलेलं होतं, भावानेच सांगितलेलं होतं. बाप एकदाच म्हणाला, "माझ्या पोरीला काही झालं ना मास्तर..." आणि मी? मी सबंध दिवस एकच माणूस नजरेत धरून बसले होते, आणि माझ्या नाकासमोरून एक पोर मागे राहिलं. माझ्या मांडीएवढ्या जागेने तिची जागा भरून काढली. मी आले नसते तर आकडा बारा आला असता, आणि त्याने तिथेच गाडी थांबवली असती.

वळणावरून तळ्याचं मैदान दिसलं. टपरी बंद झालेली. आणि जिथे आमची व्हॅन उभी होती, बरोबर त्या जागी, मातीत उमटलेल्या चाकांच्या दोन खुणांच्या मध्ये, पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एका पायात चप्पल, एक हातात. ती चप्पलच आणायला ती पत्र्याच्या खोलीत मागे गेली होती.

आईने आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला असं कवटाळलं की पोरीला श्वास घेता येईना. पोरगी हुंदके देत देत म्हणाली, "मास्तरांनी सांगितलं होतं ना, तिथेच बसायचं, मी येतो. मी हललेच नाही." फ्रॉक ओला झाला होता तिचा, पाण्याने नव्हे, भीतीने. तिच्या काकूने टॉवेल गुंडाळला.

बाप भावाच्या अंगावर धावून गेला. "मोजलं होतं ना तुम्ही? मोठ्या तोऱ्यात मोजता ना?" भाऊ मान खाली घालून उभा. मी मध्ये पडले. "त्याला बोलू नका, मला बोला. आकडा माझ्यामुळे चुकला. मी मागे बसायला नको होतं. चूक माझी." आणि तसं मला खरोखरच वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, ते मला हवं होतं. चूक माझी असेल तर त्याची नाही. त्याची नसेल तर किल्ली त्याच्याकडे. येताना घाटभर मी हेच मनात घोकत होते.

पाहुणे लॉजवर उतरले, आमच्याकडे वळूनही न बघता आत गेले. ते बरोबरच होतं. पोरगी तेवढी वळली आणि तिने हात हलवला. भाऊ व्हॅन मागच्या अंगणात घेऊन गेला आणि नेहमीसारखी बादली भरून धुवायला लागला. अजून चांगलं ऊन होतं. मी पायरीवर बसले.

"हे बघ," मी म्हटलं, "ते काही मनाला लावून घेऊ नकोस. इतक्या वर्षांत मी कधी गाडीत मागे बसलेय? सवयीने मोजलंस. कोणीही मोजलं असतं."

तो चाकावर पाणी मारत राहिला. मग बादली खाली ठेवली.

"ताई, सवयीने नाही मोजलं."

"मग?"

"मागच्या बाकावर एक बाई बसली होती. मी नीट बघितलं तिच्याकडे. म्हटलं, पाहुण्यांपैकी असेल. थोरली नणंद वगैरे." त्याने हात शर्टाला पुसले. "तू म्हणालीस ना, मी आहे तेरावी, तेव्हा कळलं मला, ती तू होतीस."

तो जन्मल्यापासून मी या माणसाला ओरडत आलेय. त्याचं पहिलं पाऊल माझं बोट धरून पडलं, आई सांगायची.

त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या शेजारी पायरीवर ठेवली. मी मागितली नव्हती. दिवसभर जी चूक शोधायला गेले होते ती सापडली होती, आणि आता मला वाटत होतं याने भांडावं, किल्ली हिसकावून घ्यावी, म्हणावं की तुला काय कळतं गाडीतलं. तो भांडला नाही.

"आत्ता ओळखतोयस ना मला?" मी विचारलं. हसत विचारायचं होतं, तसं जमलं नाही.

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, मोजताना हलतात तसे, आवाज न करता.

"हो," तो म्हणाला. "ओळखतो की."

पण ते म्हणायला त्याला वेळ लागला.