तांब्याच्या चकतीची पूजा

माझ्या पीएच.डी.चा खून कुणी केला, हे मला ठाऊक आहे. खुनी आमच्या गावी, लासुर्ण्यात राहतो, दिवसातून चारदा चहा पितो आणि माझं त्याच्यावर फार प्रेम आहे.

मी बारामतीला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पन्नाशी आली तरी प्रबंध संपेना; विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती. माझा विषय तात्यांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, मी दरवर्षी नव्यानं सांगायचो. एक इलेक्ट्रॉन कमी असलेला अणू, म्हणजे आयन, तांब्याच्या पृष्ठभागावर मारायचा. तो आपटून माघारी फिरतो. त्या गडबडीत तांब्याकडून इलेक्ट्रॉन मिळाला तर भरून येतो, नाहीतर गेला तसाच येतो. किती भरून येतात, एवढंच मोजायचं.

"म्हंजे पाव्हण्याकडं जाऊन आल्यावानी," तात्या म्हणाले. "काय जेवून येत्यात, काय उपाशी."

"व्हय. सावकाश असला की जेवायला वेळ मिळतो. घाईतला बहुधा उपाशी."

"आन् हे मोजायला तुला बारा वर्सं?"

यावर मी नेहमी चहाच मागायचो.

तांबं मात्र निर्मळ लागतं. बोटाचा नुसता घाम लागला तरी इलेक्ट्रॉन देण्याची त्याची रीत बदलते. माझी चकती रुपयाएवढी, आरशासारखी, परदेशातून मागवलेली, एकुलती एक. परगावच्या प्रयोगशाळेनं मला यंत्रावर चार दिवस दिले होते. लासुर्ण्यात खंडेनवमी करून तिथूनच निघायचं ठरवलं आणि चकतीची डबी पिशवीत घेऊन गेलो.

आंघोळ करून ओसरीवर आलो. पाटावर कोयता, खुरपं, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची किल्ली. आणि मधोमध, हळदीकुंकवानं माखलेली, झेंडूचं फूल डोक्यावर घेतलेली माझी चकती.

"तात्या, हे काय केलं?"

"समद्यांच्या हत्यारांची पूजा केली. तुझंच तेवढं ऱ्हायलं असतं. हेच न्हवं तुझं हत्यार?" त्यांचा चेहरा असा उजळलेला, की मी हात जोडले.

प्रयोगशाळेत चकती धुतली, पुन्हा धुतली, निर्वातात ठेवून तापवली, आर्गॉन वायूच्या माऱ्यानं खरवडली, परत तापवली. तीन दिवस गेले. तिथल्या तंत्रज्ञानं आलेखावरच्या एका उंचवट्यावर बोट ठेवलं. "सर, हे पोटॅशियम कुठून आलं?"

"हळदीतून."

तो हसला. त्याला विनोद वाटला. मला हसायचीही ताकद नव्हती.

चौथ्या दिवशी, कुठल्या वेगाला किती भरून येतात त्या वक्राचे, तीन बिंदू मिळाले. हवे होते बारा. मार्गदर्शक बाईंनी ते कागद उलटसुलट करून बघितले. "तीन बिंदूंतून कसलीही रेघ जाते हो," एवढंच म्हणाल्या. मुदत संपली. आणखी वाढीसाठी मी अर्जही केला नाही. पाय दुखत होते, डोळे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर प्रबंधही दुखायचा थांबला होता.

लासुर्ण्यात गेलो तेव्हा तात्या दारातच उभे. "काय रं, जेवून आली का न्हाय तुझी पाव्हणी?"

"बरीचशी जेवून आली, तात्या."

"मग! पूजेचा गुण हाय त्यो."

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी तबक माझ्यापुढं सरकवलं. कोयत्याशेजारी, मी त्यांच्याकडंच ठेवून दिलेली चकती होतीच. यंदा हळद मीच लावली. बोटानं, भरपूर.