हुबळीची तारीख

जुन्या हुबळीत सीडीचं दुकान चालवणाऱ्या त्या अण्णांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना ते मनगटावरचं घड्याळ सारखं फिरवत बसायचे. कॉलेजात असताना एका नव्या कॉम्प्युटर गेमसाठी मी धारवाडहून त्यांच्याकडे किती खेटे घातले! गेम आधी अमेरिकेत आला, मग युरोपात, मग मुंबईत. भाषांतर, परवानगी, सणाची विक्री, अशी उशिराची एकेक कारणं मासिकात वाचून माझं डोकं फिरलं होतं.

अखेर एका शुक्रवारी सकाळी त्या गेमचा डबा अण्णांच्या काचेच्या कपाटात दिसला. मी हात पुढे केला, तर अण्णा म्हणाले, "बारानंतर. राहुकाळ चालू आहे. त्यात नवा माल विकायला काढत नाही मी."

"अहो अण्णा, सगळं जग खेळून मोकळं झालं! सगळीकडे एकाच दिवशी द्यायला काय धाड भरलीय तुम्हा लोकांना?"

"सूर्य तरी सगळीकडे एकदम उगवतो काय, तम्मा?" धाकट्या भावाला समजवावं तसं ते म्हणाले.

मी चरफडत पायरीवर बसलो. बारा वाजल्यावर त्यांनी डब्याला उदबत्ती ओवाळली, तो माझ्या हातात दिला आणि समाधानानं म्हणाले, "अमेरिकेत कुणी एवढा मुहूर्त बघून दिला असेल काय?"