पासवर्ड मराठीतच राहील

लीलावती शेवाळेंना लखनऊजवळच्या चिनहटच्या कारखान्यांतल्या बायका 'दीदी' म्हणत आणि ठेकेदार 'वो मराठन' म्हणत. बाईंना दुसरं जास्त आवडायचं. नवरा आत्माराम सुभेदार म्हणून लखनऊ छावनीतून निवृत्त झाला, तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की ही जोडी आता कराडला जाणार. बाई म्हणाल्या, "तिकडं जाऊन काय करू, लोणची घालू?" त्यांनी चिनहटात खोली भाड्यानं घेतली आणि आमच्या कामगार संघटनेत शिरल्या.

प्रेस मशीनखाली बोटं गेलेल्या बायकांचे जबाब व्हिडिओवर घ्यायचे, हे त्यांचं काम. कारण बोट तुटलं की कारखाना म्हणायचा, ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच. साक्ष द्यायला सोबतिणी तयार असत, पण त्या अजून कामावर होत्या. नाव फुटलं की गेटबाहेर. बाई प्रत्येकीला शब्द द्यायच्या, "तू हाँ बोलेगी, तभी दिखाऊँगी।"

हे सगळे जबाब एका बाहेरच्या हार्ड ड्राइव्हवर होते. ती मी एन्क्रिप्ट करून दिली होती, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं काहीच वाचता येणार नाही. लॅपटॉपवर लिनक्स. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे येतं ते इंटरनेटवर अनोळखी लोकांशी भांडून शिकलोय.

२०१३ची गोष्ट. बाई म्हणाल्या, "रोज टाइप करून बोट दुखतं रे. लॅपटॉप चालू झाला की ड्राइव्ह आपोआप उघडू दे."

सोपं होतं. मी सेटिंग करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सुरू होता होताच त्यानं पासवर्ड विचारला. बाईंनी टाकला, चूक. पुन्हा, चूक. तोच पासवर्ड नंतर, लॅपटॉप पूर्ण सुरू झाल्यावर, डेस्कटॉपवर टाकला की ड्राइव्ह मुकाट्यानं उघडायची. मी केबल बदलली, सेटिंगमध्ये ड्राइव्हचा कायमचा ओळखक्रमांक घातला. ढिम्म. माझं डोकं सटकलं.

"ताई, पासवर्ड आहे तरी काय?"

"सांगणार नाही."

"अहो, ड्राइव्ह मी लावून दिलीय!"

"म्हणून काय झालं? मराठीत आहे, एवढं ऐक."

तिथं उलगडलं. डेस्कटॉपवर त्यांचा कीबोर्ड मराठीवर असायचा. सुरू होतानाच्या त्या काळ्या पडद्याला मात्र फक्त इंग्रजी कीबोर्ड ठाऊक. बाई त्याच कळा दाबत होत्या, मशीन भलतीच अक्षरं घेत होतं.

"इंग्रजी ठेवा, संपला विषय."

"का म्हणून? लखनऊसाठी हिंदी शिकले. आता या डब्यासाठी इंग्रजी? त्यानं शिकावं मराठी."

मग मी दुसरी वाट काढली. किल्लीची एक फाइल लॅपटॉपमध्येच ठेवली. ड्राइव्ह तिच्यावर उघडणार, कुणाला काही विचारायचं नाही. बटण दाबलं आणि ड्राइव्ह झकास उघडली.

बाई बघत राहिल्या. "आता हे कुणीही चालू केलं तरी उघडेल?"

"तेच तर मागितलंत. आणि लॅपटॉपला वेगळा पासवर्ड आहे की."

"तो मी विसरले होते तेव्हा तू चहा निवायच्या आत काढून टाकलास. ठेकेदाराला तुझ्यासारखा एक मिळणार नाही होय?"

मी लॅपटॉप मिटायला घेतला.

"काढ ती किल्ली."

"ताई, अख्खी दुपार गेली माझी."

"गेली. काढ."

दात-ओठ खात काढली.

पुढच्याच महिन्यात रामरतीची सुनावणी होती. तिची दोन बोटं गेली होती. स्वतःचा जबाब दाखवायला तिनं होकार दिला होता. पण कामगार कार्यालयात व्हिडिओ लावण्याआधीच कारखान्याचा वकील म्हणाला, "पहले जाँच हो। लैपटॉप और ड्राइव जमा करवाइए।" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली.

रामरतीचा चेहरा उतरला. तिच्या देवरानीचा, म्हणजे धाकट्या जावेचा, जबाब त्याच ड्राइव्हवर होता, आणि देवरानी त्याच कारखान्यात होती. मी भांडायला उठलो. बाईंनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या.

"रख लीजिए।"

"पासवर्ड?" वकिलानं विचारलं.

"वो नहीं मिलेगा। जब देखना हो, मुझे बुलाइए। रामरती का खोलूँगी, बाकी किसी का नहीं।"

"आप शर्त रखेंगी?" साहेब म्हणाले.

"हाँ।"

पंधरवड्यानं बोलावणं आलं. तोवर कुणी काय काय करून पाहिलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. ड्राइव्ह बंदच होती. बाई खुर्चीत बसल्या, कीबोर्ड मराठीवर घेतला आणि म्हणाल्या, "वकील साहब, मुँह उधर।"

वकिलानं साहेबांकडे पाहिलं. साहेब कागद चाळू लागले. तो भिंतीकडे वळला.

बाई एका बोटानं टाइप करू लागल्या. मध्ये चुकल्या, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. घाई नाही.

"कितना लंबा है?" भिंतीकडूनच वकिलानं विचारलं.

"जितना आपने हमें दौड़ाया," रामरती म्हणाली.

जबाब सुरू झाला. त्या वेळी रामरतीची देवरानी कारखान्यात शिफ्टवर होती; तिचं नाव फुटलं नव्हतं.