अर्जातली बायको

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, एका खिडकीच्या खोलीत चौकटराव बसत. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांचे संगणकावर भरायचे अर्ज त्यांच्याच हातचे, म्हणून लोकांनी ठेवलेलं. जन्मतारीख टाकली की वय आपोआप आलं पाहिजे, 'विवाहित' वर खूण केली की जोडीदाराचा रकाना उघडला पाहिजे, अशा बारीकसारीक आज्ञा प्रत्येक रकान्याच्या पोटात लिहून ठेवायच्या, आणि त्यातली एखादी रुसली की तिची समजूत काढायची, हा त्यांचा धंदा. माणूस अबोल, कामाला वाघ, पण मन सदा कुठंतरी तरंगत असायचं.

अर्ज तपासायचा तर तो कुणाच्या तरी नावानं भरावा लागतो. बाकीचे कारागीर 'अबक' लिहून मोकळे होतात. चौकटरावांना खोटा माणूस सुचेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोचं नाव, तिची जन्मतारीख आणि घरचा फोन नंबर टाकला. ती सवय वीस वर्षं टिकली. त्यांनी केलेल्या प्रत्येक अर्जात पहिलं पाऊल तिचं पडलं. ती जहाजावर खलाशी झाली, तिनं मधमाश्या पाळायचा परवाना काढला, तिला सात मुलं झाली, ती दोनदा विधवा झाली. दुपारचं ऊन टेबलावर उतरलं आणि पडद्यावर तिचं नाव उमटलं की चौकटरावांना ती खरोखर दिसायची. तोंडावर पांढरी जाळी घेऊन मधाच्या पेट्यांमधून सावकाश चाललेली, भोवती नुसती गुणगुण. संध्याकाळी ते घरी गेले की हातातली रफूची सुई न थांबवता ती विचारी, "आज मला काय केलंत?" तेही गंभीर चेहऱ्यानं सांगत.

एकदा मात्र घोटाळा झाला. चाचणीचा अर्ज चुकून खराच पुढं गेला आणि प्रसूतिगृहातून फोन आला, की तिळं आहे, बाईंना उद्याच दाखल करा. बाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या. ती हसून हसून बेजार झाली, पण चौकटरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी अर्जात एक ओळ घातली: ही जन्मतारीख आणि हा फोन नंबर दिसला, की 'पाठवा' दाबल्यावर काहीही पाठवायचं नाही, सगळे रकाने पुसून टाकायचे. त्या धंद्यात नवा अर्ज कुणी कोऱ्या पानापासून करत नाही. जुन्याची नक्कल काढायची आणि त्यात फेरफार करायचे. त्यामुळं ती ओळही अर्जामागून अर्जात जात राहिली. रकाने पांढरे झाले की चौकटराव समाधानानं मान डोलवत आणि अर्ज ठणठणीत आहे असं समजून पुढच्या कामाला लागत. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

बायकोची रफू अशी, की जळक्या कोटाचं भोक कुठं होतं ते कोटाच्या मालकालाही सापडू नये. पण वर्षभरापासून तिच्या डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं होतं. एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसरा त्याच वाटेवर. डोळ्यांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करायला बाहेरून मोठे डॉक्टर येत ते सहा महिन्यांतून एकदा. त्यांच्या यादीत नाव लागायला अर्ज करायचा होता, आणि यादी त्या दिवशी चार वाजता बंद होणार होती. तिनं सकाळीच घरून अर्ज भरला होता आणि चौकटरावांनी दवाखान्यात तसं सांगूनही ठेवलं होतं. पुढच्या खेपेपर्यंत दुसरा डोळा टिकेल याची खात्री कुणीच देत नव्हतं.

तशी ती कागदपत्रांच्या बाबतीत करंटीच. वाचनालयाचं कार्ड मागितलं, ते आलं नाही. पोहण्याच्या वर्गाला अर्ज केला, बोलावणं नाही. "कागदाला माझं वावडं आहे," म्हणायची आणि सोडून द्यायची. कुणाकडे जाऊन भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दोन वाजता दवाखान्याच्या नोंदणीवाल्या बाईंचा फोन आला. सगळ्यांचे अर्ज येतायत, तुमच्याच घरचा नाही. चौकटरावांनी लगेच आपल्याच हातचा तो अर्ज उघडला, सवयीनं बायकोची माहिती भरली, 'पाठवा' दाबलं. रकाने पांढरे झाले. त्यांनी मान डोलावली आणि अर्जात काही दोष नाही म्हणून कळवलं. बायकोला फोन करून पुन्हा भरायला सांगितलं. तिनं भरला. नोंदणीवाल्या बाई म्हणाल्या, नाही आला.

मग ते इरेला पेटले. वयाची आकडेमोड जन्मतारखेच्या आधीच होतेय का, लपलेला एखादा सक्तीचा रकाना रिकामा राहतोय का, तारखेत आधी महिना घेतला जातोय का, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. कुठंच काही नव्हतं. शेवटी ते फोनवर बायकोवरच चिडले, की तुला दिसत नाही, भलतंच बटण दाबत असशील. तिनं फोन ठेवला आणि वीस मिनिटांनी जिना चाचपत वर आली.

तिनं पडद्याला नाक लावून एकेक अक्षर भरलं. कुठला डोळा, त्यापुढं 'दोन्ही'. चौकटराव शेजारी उभे राहून तिचं सुईनं खडबडीत झालेलं बोट बघत होते. हे बोट असं हलताना त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. तिनं 'पाठवा' दाबलं. रकाने पांढरे झाले.

"गेला बघा," ती म्हणाली.

चौकटरावांची मान सवयीनं डोलायला लागली आणि मध्येच थांबली.

त्यांनी बारा वर्षांपूर्वीची ती ओळ शोधून तिला वाचून दाखवली.  तिनं पडद्यावरून नजर उचलली.

"म्हणजे वाचनालयातही?"

"हो."

"आणि पोहायच्या वर्गातही. मी जिथं जिथं खरी गेले, तिथनं तुम्हीच मला परत पाठवलंत."

त्यांना लाज वाटली, आणि तिळ्याच्या वेळी वाटली तशी ही हसण्यावारी जाणारी नव्हती. त्यांनी ओळ खोडली, तिच्या शेजारी बसले, आणि तिनं अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरला. चाराला सहा मिनिटं कमी असताना नोंदणीवाल्या बाईंचा फोन आला, की आला, एकोणिसावा नंबर.

पुढचे तीन आठवडे चौकटराव कचेऱ्या हिंडले. प्रत्येक ठिकाणी अर्ज उघडायला लावून ती ओळ स्वतःच्या हातानं काढून टाकत होते. कारण विचारलं की नुसतं म्हणत, माझी एक जुनी चूक आहे.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर कितीतरी दिवसांनी एका संध्याकाळी ती सुई ओवून बसली होती. ते दारातून आत आले तसं तिनं विचारलं, "आज मला काय केलंत?"

"तुला काही नाही. आता सगळीकडे माझीच जन्मतारीख टाकतो. आज मला तिळं झालं."

ती हसली. टेबलावर टपालानं आलेलं वाचनालयाचं कार्ड पडलं होतं. तिनं ते उचललं, हातभर लांब धरलं, आणि त्यावरचं आपलं नाव मोठ्यानं वाचलं.