अक्काला ऐकू जाईल असा माउथपीस

लोक फजितीचे किस्से सांगतात ते बहुतेक दुसऱ्यांचे. मी आज माझा स्वतःचा सांगतो. आणि लक्षात घ्या, ही फजिती नवशिक्याची नाही. पोलीस बँडात उभी नोकरी काढलेल्या, स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या माणसाची आहे. चहा ओता बशीत, घाई करू नका. हसायचं तिथे खुशाल हसा. आमच्या घरी शोभा, म्हणजे माझी बायको, अजून हसतेय.

मी धुळ्याचा. वाद्य माझं फ्रेंच हॉर्न. हॉर्न म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी ट्रक आठवतो, म्हणून समजावून सांगतो. पितळेची लांबलचक नळी जिलबीसारखी गोल गुंडाळलेली, एका टोकाला तोंडाशी धरायचा छोटासा माउथपीस, दुसऱ्या टोकाला हा एवढा भोंगा, आणि त्या भोंग्यात वाजवणाऱ्याने आपला उजवा हात घालून ठेवायचा. दिसायला राजेशाही. काम मात्र काय? बाकीचे गाणं वाजवणार आणि आम्ही मधल्या रिकाम्या जागेत 'पॅ पॅ' भरणार. परेड बघून आलेल्या एकाही माणसाने मला कधी सांगितलं नाही की आज हॉर्न छान वाजला.

मला त्याचं काही नव्हतं. मला एकाच माणसाची दाद हवी होती, ती म्हणजे अक्काची.

अक्का माझी थोरली बहीण, अमळनेरला दिलेली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मी बँडात भरती होतो म्हटल्यावर वडील चिडले, शेतकऱ्याचं पोर वाजंत्री होणार का म्हणाले. तेव्हा घरात एकटी अक्का माझ्या बाजूने उभी राहिली. आणि बघा, त्या अक्काने माझं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या परेडी धुळ्याला, तिचा संसार अमळनेरला. मी निवृत्त झालो तेव्हा ठरवलं की आता दर श्रावणात अक्काकडे कानबाईला जायचं ते हॉर्न घेऊनच.

कानबाई तुम्हाला माहीतच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, भाऊबंद रोटाच्या जेवणाला जमतात, बाया रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जायचं. अक्काकडे देवीचा चौरंग डोक्यावर घेण्याचा मान तिचाच. गल्लीतला बँड ठरलेला असतो, त्यात मी घुसायचो. रविवारी संध्याकाळी दारात उभं राहून देवीसमोर वाजवायचं आणि सोमवारी मिरवणुकीत.

पहिल्या वर्षी मी जीव तोडून वाजवलं. मग अक्काजवळ बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, कसं वाटलं?

अक्का म्हणाली, "ढोल ऐकू उना, पिपानी ऐकू उनी. तुन्हं काही ऐकू उनं नही रे दिगू. मन्हा कानच गयात आते."

तिचे कान उतरत चालले होते हे खरं. डॉक्टरने सांगितलं होतं की उजवा गेल्यातच जमा आहे आणि डावाही फार वर्षं साथ देणार नाही. यंत्र दिलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून तिने डबीत ठेवून दिलेलं. पण पिपाणी ऐकू येते आणि हॉर्न येत नाही, याचा अर्थ काय? मी म्हटलं, दोष कानाचा नाही. दोष माउथपीसचा.

वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकदा माउथपीस शिरला की संपलं बघा. जेवताना माउथपीस, झोपताना माउथपीस. तो असतो अंगठ्याएवढा, पण सगळा आवाज त्याच्यातून निघतो. कड बारीक की जाड, वाटी उथळ की खोल, भोक केवढं, दांडी नळीत बसते की डगडगते. माझा नोकरीतला माउथपीस होता लहान भोकाचा, गोड पण नाजूक आवाजाचा. भुसावळला माझा एक जुना बँडवाला मित्र आहे, त्याने निदान केलं की वाटी खोल घे, आवाज जाड होईल. त्याच्याकडे पडून असलेला एक त्याने मला दिलाही. दांडी सैल होती, तर मी तिला एसटीचं तिकीट गुंडाळून घट्ट केली. दुसऱ्या कानबाईला तो घेऊन गेलो.

दारात उभा राहिलो, देवीकडे तोंड केलं, अक्का चौरंगाशेजारी बसलेली, आणि घातली फुंक. वाजवून झाल्यावर समोरच्या दुकानातून पुखराजशेठ आले. त्यांचं धान्याचं दुकान अक्काच्या दाराच्या बरोबर समोर आहे. अक्काच्या मुलांचा मामा म्हणून आख्खी गल्ली मला मामा म्हणते, तसे तेही म्हणतात. म्हणाले, मामा, यंदा आवाज फार वाढलाय, गल्ल्यावर बसवत नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तसाच आत गेलो. अक्काने मान हलवली. काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. रस्त्यापलीकडच्या शेठजींना बसवत नाही आणि पाच पावलांवरच्या बहिणीला ऐकू येत नाही. पण मी काय निष्कर्ष काढला? शेठजींचे कान तिखट आहेत.

तिसऱ्या वर्षी, जिथे बँडची वाद्यं बनतात त्या मेरठहून, चांदीचा मुलामा दिलेला मागवला. तो मी उत्साहात असा दाबून बसवला की नळीत अडकलाच. मी हॉर्न धरलाय, शोभा माउथपीस ओढतेय, दाराशी दूधवाला किटली घेऊन बघतोय. निघाला तेव्हा शोभा सोफ्यावर जाऊन पडली. त्या वर्षी शेठजींनी दुकान लवकर बंद केलं. अक्काला काही नाही. उलट तिचा डावा कानही जड झाला होता, आता कानाशी जाऊन बोलावं लागायचं. निघताना तिने माझा हात धरला.

"एक डाव ऐकाले जोयजे रे भाऊ. मंग कान ऱ्हायनात काय, गयात काय."

एसटीत धुळ्यापर्यंत मी तो माउथपीस खिशातून काढून बघत होतो. माझी बहीण बहिरी होत चालली होती आणि तिला माझं वाजवणं एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं. मग मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या हॉर्नवाल्याने करू नये. तो मुलाम्याचा माउथपीस घेऊन जळगावला एका लेथवाल्याकडे गेलो आणि त्याचं भोक मोठं करून घेतलं. इतकं मोठं, की वाटीत हरभरा टाकला तर खालून बाहेर. लेथवाल्याने दोनदा विचारलं, काका, नक्की ना? मी म्हटलं, तुम्ही चालू द्या.

आवाज म्हणाल तर रेडा. घरी पहिल्यांदा फुंकलं तेव्हा शेजारणीने गॅस बंद करून विचारलं की काय झालं. दम तर असा खायचा की दोन ओळींत डोळ्यांपुढे अंधारी. पण मी रोज मेहनत केली. अक्काला ऐकवायचंच.

यंदाच्या रविवारी दारात उभा राहिलो, देवीकडे तोंड करून वाजवलं. शेठजी दुकानाबाहेर येऊन हात जोडून उभे राहिले, मला की देवीला ते कळलं नाही. अक्का माझ्याकडे बघून हसली आणि हळूच मान हलवली. काही नाही.

सोमवारी मिरवणूक निघाली. आता एक गोष्ट सांगायची राहिली. बँडवाले देवीच्या पुढे चालतात, म्हणजे त्यांची पाठ देवीकडे. ते बाहेरचे, त्यांचं चालून जातं. मी घरचा. घरच्या माणसाने कानबाईला पाठ कशी दाखवायची? म्हणून मी दर वर्षी देवीकडे तोंड करून उलटा चालायचो. हो, नदीपर्यंत. खड्डे, शेण, मोटरसायकली, सगळं अंदाजाने. लोक म्हणायचे, मामांची भक्ती मोठी आहे.

तर मी असा उलटा चाललोय, बायांच्या गाण्याची चाल जोरात वाजवतोय, समोर अक्का. चौरंग डोक्यावर, पदर कपाळाखाली ओढलेला, नजर पायांकडे. आणि कोपऱ्यावर माझ्या पाठीमागे एक गाय उभी होती. मला काय माहीत? माझा भोंगा थेट तिच्या कानाशी गेला, आणि भोंग्यातून निघाला लेथवर कोरलेला तो आवाज.

गाय जी उधळली ती बँडातून. ढोलवाला एकीकडे, पिपाणीवाला पानाच्या टपरीवर. कुणाला लागलं नाही, पण बँड बंद पडला. मी दचकून गर्रकन गायीकडे वळलो. वाजवणं मात्र थांबवलं नाही. नोकरीत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, पुढे आकाश कोसळलं तरी सूर सोडायचा नाही. गल्लीत दुसरा आवाज नाही, एकटा हॉर्न चाललाय, माझी पाठ देवीकडे आणि भोंगा...

भोंगा अक्काकडे.

मित्रांनो, फ्रेंच हॉर्नचा भोंगा मागे तोंड करून असतो. जगातल्या प्रत्येक हॉर्नवाल्याला हे ठाऊक आहे. मी ते वाद्य नोकरीभर कमरेशी धरलं, माझा स्वतःचा हात त्या भोंग्यात होता. आणि तरी चार वर्षं मी देवीला पाठ नको म्हणून अक्काकडे तोंड करून उभा राहिलो आणि सगळा आवाज पुखराजशेठच्या दुकानात ओतला. वर माउथपीस बदलत बसलो.

पण हे मला तिथे कळलं नाही, कारण मी पाठमोरा होतो. मागे काय चाललंय ते नंतर समजलं. अक्का भर रस्त्यात थांबली होती. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, ओठ थरथरताहेत. बायांना वाटलं, अंगात आलं. एकीने हळदीकुंकू उधळलं, दुसरीने पायांवर डोकं ठेवलं, तिसरीने मुलीचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. अक्का ऐकत होती.

नदीवर कानबाई बोळवल्यावर अक्काने मला शोधून काढलं आणि जवळ बसवलं. तिचा चेहरा उजळला होता. म्हणाली, आज बँडात कोणीतरी नवा माणूस होता, इतकं गोड वाजवलं की पाय पुढे टाकवेना.

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो, "अक्का, तो मीच होतो."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान पोराची समजूत काढतात तसा.

"ऱ्हाऊ दे रे. तुन्हा बाजाले आवाज नही, माले माहीत शे. मी कधी बठ्ठा लोकेससमोर बोलनू का?"

ऐकलंत? चार वर्षं तिला वाटत होतं की तिच्या भावाला वाजवता येत नाही. बँडवाले ओळखीखातर उभं राहू देतात आणि हा बिचारा नुसतं तोंड लावून चालतो. मला वाईट वाटू नये म्हणून ती दोष स्वतःच्या कानांना देत होती. एक डाव ऐकाले जोयजे, हे तिने देवीकडेही मागितलं होतं, नंतर तिनेच सांगितलं, पण माझ्यासाठी: माझ्या दिगूला एकदा तरी नीट वाजवता येऊ दे. आणि गल्लीभर मात्र सांगायची, मन्हा भाऊ भारी वाजाडस.

म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावायचाच. संध्याकाळी तिच्या अंगणात तिला खुर्चीवर बसवलं, पाहुण्यांना गप्प केलं, देवी आता घरात नव्हती तेव्हा पाठीचा प्रश्न नव्हता. तिच्याकडे पाठ केली आणि तीच चाल वाजवली. संपल्यावर वळून बघितलं. अक्काने पदराने डोळे पुसले.

"वाजाडता येस रे तुले," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पन वाजाडतांना तुन्हं तोंड दिखनं नही. दर साल दिखे. गाल फुगेल, डोया वटारेल. त्याबिगर कानबाई झायी असं वाटत नही. इकडे तोंड करीसन वाजाड."

आता हॉर्न वाजवताना गाल फुगवणं म्हणजे पाप. बँडमास्तरांनी त्यासाठी मला किती वेळा ओळीतून बाहेर काढलं असेल. पण तिच्यासमोर वाजवताना मी भान विसरायचो, फुगत असणार.

मी वळलो. तिच्या समोर उभा राहिलो, माउथपीस ओठांना लावला, गाल फुगवले, डोळे वटारले. अक्का खुर्चीत रेलली, मांडीवर ताल धरला, सगळ्या पाहुण्यांकडे अभिमानाने बघितलं आणि म्हणाली, "हां. आते बराबर वाजाडी ऱ्हायना."

मी अजून फुंकही मारली नव्हती.