कॉलीनची बंदूक आणि माझा न्याय

चहाचा कप आधी खाली ठेवा. हा गाढवपणा मी आजवर दोनदाच सांगितलाय आणि दोन्ही वेळा समोरच्याच्या नाकातून चहा आला.

२०१६ची गोष्ट. मी तेव्हा परदेशात, पेनरोजच्या एका डेपोत इंजिनिअर होते आणि रविवारी ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करायला जायचे. ठासणीची म्हणजे अगदी जुनी पद्धत. नळीच्या तोंडातून काळी बारूद ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, गजाने ठासायचं. मागे ठिणगी पाडणारी तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा.

पोरिरुआ या दुसऱ्या गावच्या क्लबशी सामना ठरला होता. टीममध्ये एकच जागा उरली होती आणि ती मला हवीच होती. आड कोण? कॉलीन! सत्तरीची बाई, चष्म्याच्या काचा बशीएवढ्या, आणि तरी दर रविवारी मला हरवायची. का? कारण मला स्वच्छ दिसत होतं. तिच्याकडे खास बनवून घेतलेली बंदूक, माझ्याकडे क्लबची, शंभर हातांतून गेलेली. ही काय स्पर्धा झाली? ही तर विषमता!

निवडीच्या दिवशी मी हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. चांगली दहा मिनिटं. आमचा रेंज ऑफिसर टेरी घड्याळाकडे बघत राहिला.

कॉलीन म्हणाली, "मग बदलू या की, लव्ह. माझी तू घे."

"खरंच चालेल?"

"स्वीट ॲज." म्हणजे तिकडच्या बोलीत, अगदी चालेल.

न्याय झाला! गोळी ठासता ठासता मी शेजारच्या माणसाला समान संधी म्हणजे काय ते समजावत होते. तो बिचारा मान हलवत होता. मग नेम धरला, चाप ओढला.

टक्.

फक्त टोपी वाजली. नवी टोपी लावली. टक्. आणखी एक. टक्! शेजारी कॉलीन क्लबच्या त्या खटाऱ्यातून धडाम धडाम उडवत होती.

"टेरी!" मी ओरडले. "ही बंदूक खराब आहे!"

टेरीने सगळ्यांना थांबवलं. सगळे माझ्याभोवती जमले. मग मी कशाला गप्प बसते? ठिणगीचं भोक बुजलंय, नळीचं डिझाइनच चुकलंय, महागड्या वस्तूंवर आपण आंधळा विश्वास ठेवतो...

कॉलीनने हळूच विचारलं, "लव्ह, तू पावडर घातलीस ना?"

"कॉलीन, मी इंजिनिअर आहे!"

तेवढ्यात मागून आवाज आला. माझी आई. महिनाभरासाठी पुण्याहून आली होती आणि मागे खुर्ची टाकून सगळं बघत बसली होती. तिचं इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे जात नाही, आवाज मात्र कुठेही पोचतो.

"मुग्धे, बाकीच्यांनी नळीत ती काळी पूड ओतली. तू नाही ओतलीस."

"आई, थांब गं जरा."

"मला वाटलं, तू शिकलेली, तुला लागत नसेल."

मी बाकावर बघितलं. मापून ठेवलेल्या बारुदीच्या माझ्या सगळ्या कुप्या काठोकाठ भरलेल्या.

टेरीने उत्सुकतेने विचारलं, "मॉम काय म्हणतायत?"

आता काय सांगू? हवा छान आहे म्हणतेय? पण दहा मिनिटं न्यायावर बोलल्यावर खोटं कुठल्या तोंडाने बोलणार! केलं भाषांतर. शब्दन् शब्द. शेवटच्या वाक्यासकट. टेरी खाली बसला. कॉलीनने चष्मा काढून डोळे पुसले, नळीत अडकलेली गोळी स्क्रूने ओढून काढली आणि बंदूक माझ्या हातात परत दिली.

मग मी बारूद घालून उडवली. गोळ्या कुठे गेल्या ते लक्ष्याच्या कागदालासुद्धा कळलं नाही. कॉलीनच्या गोळ्या, क्लबच्या बंदुकीतून, बहुतेक सगळ्या काळ्या वर्तुळात.

जागा अर्थातच कॉलीनला मिळाली. आणि टेरीने आईला आग्रहाने पोरिरुआला बोलावलं. म्हणाला, बंदुका भरताना बघायला असं माणूस पाहिजेच.

मीही गेले की! आईची दुभाषी म्हणून.